प्रोजेक्ट ट्रेबल म्हणजे काय? अँड्रॉइडचे तुकडे का केले?
नवं अँड्रॉइड आलं तरी आपल्या फोनला अपडेट का मिळत नाही, असं मला बरेच जण विचारतात. पूर्वी अँड्रॉइड आणि कॅमेरा, मोडेम वगैरे चालवणारा कोड एकमेकांत गुंतलेला असायचा. एक बदललं की दुसरं पुन्हा जुळवा! वेळ आणि खर्च वाढायचा, अपडेट रखडायचं.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणून हे दोन भाग वेगळे केले, मधे ठरावीक सांधा ठेवला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर काही सिस्टिम मॉड्यूल्स थेट गूगल प्लेमार्फत अपडेट होतात.

म्हणून मी सांगेन, कंपनीचं अपडेट थांबलं तरी सेटिंग्जमध्ये ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ शोधून बघा. मात्र मोडेमच्या कोडमधल्या त्रुटी त्याने दुरुस्त होत नाहीत. त्यासाठी कंपनीचंच अपडेट लागतं.