‘ॲक्सेस डिनाइड’ची वंशावळ

वेबसाइटच्या पानावर मजकुराऐवजी एरर उमटली की बहुतेक जण ती ओळ उचलून इंटरनेटवर शोधतात, हाती लागलेला पहिला उपाय करतात आणि पान सुरू झालं की विषय संपवतात. उपाय का लागू पडला, हे कुणी पाहत नाही. पण पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीतल्या जवळपास प्रत्येक नेहमीच्या एररला जन्मवर्ष आहे. कुणीतरी ठोस कारणाने घेतलेला एखादा निर्णय तिच्यामागे असतो. तो माहीत असेल तर दुरुस्ती अंदाजपंचे करावी लागत नाही.

सुरुवात १९९३ची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय ही पद्धत ठरली. ब्राउझरकडून मागणी आली की वेब सर्व्हर एक प्रोग्रॅम चालवणार, तो उत्तर देणार आणि संपणार. डेटाबेसशी जोडणीही तेवढ्यापुरतीच. डेटाबेस मात्र घडले होते कचेऱ्यांसाठी. तिथला माणूस सकाळी लॉग-इन करून संध्याकाळपर्यंत जोडलेला राहायचा. क्षणभर येऊन जाणारी स्क्रिप्ट आणि दिवसभराच्या बैठकीची सवय असलेला डेटाबेस, यांचं सुरुवातीपासूनच जमलेलं नाही.

१९९४मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड ह्यूज यांनी ‘मिनी एसक्यूएल’ हा छोटा, हलका डेटाबेस लिहिला. स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस आणि त्यांचे सहकारी तो आपल्या जुन्या टेबलांना जोडू पाहत होते. तो पुरेसा वेगवान वाटेना, म्हणून त्यांनी स्वतःचाच लिहिला: १९९५चा मायएसक्यूएल. मिनी एसक्यूएलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम सहज इकडे आणता यावेत म्हणून बाहेरची रचना मुद्दाम जवळपास तीच ठेवली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपीची पहिली आवृत्ती जाहीर केली.

पुढे पीएचपी अपाचे सर्व्हरच्या पोटातच चालू लागलं आणि दरवेळची उघडझाप टाळण्यासाठी जोडणी उघडी ठेवण्याची सोय आली. अपाचेची प्रत्येक प्रक्रिया एकेक जोडणी धरून बसू लागली. मायएसक्यूएलची मर्यादा होती १०० जोडण्यांची. गर्दी वाढली की ‘टू मेनी कनेक्शन्स’ ठरलेलं. पुढे ही मर्यादा १५१ झाली, आणि अपाचेबरोबर नीट चालावं म्हणून ती वाढवल्याचं मायएसक्यूएलच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. याच घराण्यातली दुसरी एरर ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’. निष्क्रिय जोडणी मायएसक्यूएल २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतं. रात्रभर जोडणी धरून बसलेली स्क्रिप्ट सकाळी पहिला प्रश्न विचारते आणि पलीकडे कुणीच नसतं.

एररचा क्रमांकही बोलका असतो. दोन हजारांच्या घरातला आकडा क्लायंटचा: बहुतेकदा सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही किंवा वाटेत संबंध तुटला. एक हजाराच्या घरातला आकडा सर्व्हरचा: तो जिवंत आहे, त्याने ऐकलं आणि नकार दिला. म्हणजे १०४५ क्रमांकाचं ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसलं तर पोर्ट आणि फायरवॉल तपासण्यात वेळ घालवू नये. नाव, पासवर्ड आणि कुठल्या होस्टवरून परवानगी आहे ते बघावं. उलट २००२ आला तर पासवर्ड बदलून काही होणार नाही. लिनक्सवर होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट नेटवर्कच्या वाटेने जातच नाही, सॉकेट फाइल शोधतो, आणि ती फाइल कुठे ठेवायची हे प्रत्येक लिनक्सने आपापलं ठरवलेलं आहे. त्याजागी १२७.०.०.१ लिहिलं की तोच क्लायंट ३३०६ पोर्टवर जातो. एकाने चालतं आणि दुसऱ्याने नाही, एवढ्यावरूनच दोष कुठल्या वाटेवर आहे ते कळतं.

यापुढचे घोळ २००४चे. मायएसक्यूएलने क्लायंट लायब्ररीचा परवाना बदलून जीपीएल केला होता. पीएचपीचा परवाना वेगळा असल्यामुळे अडचण झाली आणि पीएचपी ५मधून ती लायब्ररी बाहेर गेली. कालपर्यंत आपोआप मिळणारं मायएसक्यूएल_कनेक्ट हे फंक्शन अनेकांच्या संगणकावर ‘अनडिफाइंड’ झालं. उपाय सोपा होता: एक्स्टेन्शन वेगळं बसवून चालू करायचं. डिसेंबर २०१५मध्ये पीएचपी ७ आलं आणि जवळपास तीच एरर परतली. या वेळी कारण वेगळं होतं: ते जुनं एक्स्टेन्शनच भाषेतून काढून टाकलं होतं. २००४चा उपाय तिथे निरुपयोगी. स्क्रिप्ट मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ या एक्स्टेन्शनवर नेणं हाच मार्ग.

परवान्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी पीएचपीने २००९मध्ये, ५.३ आवृत्तीत, मायएसक्यूएलशी बोलणारा स्वतःचा ड्रायव्हर आणला. स्वातंत्र्य मिळालं, पण मायएसक्यूएलने काही नवं केलं की ते पीएचपीला स्वतंत्रपणे शिकवणं आलं. एप्रिल २०१८मध्ये मायएसक्यूएल ८.०ने पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत गृहीत धरली. पीएचपीत तिला पूर्ण पाठिंबा आला तो नोव्हेंबर २०१९ला सुरू झालेल्या ७.४ मालिकेत. मधल्या काळात पासवर्ड बरोबर असूनही, ही पद्धत क्लायंटला माहीत नाही, असं उत्तर मिळत राहिलं.

हेही पहिल्यांदा घडत नव्हतं. २००४च्या मायएसक्यूएल ४.१ने पासवर्डचा हॅश १६ अक्षरांवरून ४१वर नेला, तेव्हाही जुने क्लायंट दारातच अडले होते. दोन्ही वेळा लोकांनी उपायही एकच केला: सर्व्हरला जुन्या पद्धतीवर परत नेलं. दोन्ही वेळा तो उपाय मुदतीचा ठरला. १६ अक्षरी हॅशचा आधार २०१५च्या ५.७ने काढला. २०१८मध्ये जिच्याकडे लोक परतले, ती पद्धत २०२४मध्ये ८.४ने बंद ठेवली आणि त्याच वर्षी ९.०ने हटवली.

मराठीत साइट चालवणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक शाखा आली. ४.१पासून मायएसक्यूएल युनिकोड सांभाळू लागलं, पण काही न सांगता जोडलं तर अक्षरसंच धरायचं ‘लॅटिन-१’ आणि अनुक्रम स्वीडिश वर्णमालेचा. कंपनी स्वीडिश होती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. ते तीन बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले की ‘मराठी’च्या जागी रोमन ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या अक्षरांची रांग दिसते. असा मजकूर परत मिळवता येतो, कारण बाइट शाबूत असतात. प्रश्नचिन्हांची रांग दिसली आणि टेबलातही प्रश्नचिन्हंच साठलेली असली, तर मूळ अक्षरं गेली. बॅकअपशिवाय इलाज नाही. सगळ्यांत फसवा प्रकार असा, की लिहिताना आणि वाचतानाही जोडणी लॅटिन-१च असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पान वर्षानुवर्षं व्यवस्थित दिसतं. मग होस्टिंगवाला आवृत्ती बदलतो आणि एका रात्रीत सगळा मजकूर बिघडतो.

मायएसक्यूएलमधल्या ‘यूटीएफ-८’ला तीनच बाइट झेपत. मराठी त्यात मावली, चार बाइटांची इमोजी मावली नाही. २०१०मध्ये ५.५ मालिकेत ‘यूटीएफ८एमबी४’ आलं. ते न सांगता गृहीत धरलं जायला ८.० उजाडावं लागलं. तिथेही जुन्या पीएचपीला हा नवा अक्षरसंच ओळखीचा नव्हता, आणि त्यातून ‘चारसेट २५५’ची एरर जन्मली.

एवढं सगळं घडत असताना स्क्रिप्ट मात्र बऱ्याचदा गप्प राहायची. जोडणी किंवा पुढची क्वेरी फसली की फंक्शन ‘फॉल्स’ परत करायचं आणि गाडी पुढे जायची. तक्रार यायची चार ओळी खालून, भलत्याच गोष्टीबद्दल. पीडीओने पीएचपी ८.०पासून आणि मायएसक्यूएलआयने २०२१च्या ८.१पासून चूक झाली की तिथेच अपवाद (एक्सेप्शन) उभा करण्याचं धोरण धरलं. निदान आता दोष जिथे आहे तिथेच दिसतो.

या वंशावळीतून एक निष्कर्ष निघतो. नेहमीच्या कनेक्शन एररपैकी बऱ्याचशा दोन टोकांच्या वयातल्या अंतरातून येतात. म्हणून एररचा क्रमांक आधी वाचा, मग पीएचपी आणि मायएसक्यूएल या दोघांच्या आवृत्त्या लिहून काढा, आणि सापडलेल्या उपायावरची तारीख त्यांच्याशी ताडून बघा. मागे पडलेलं टोक पुढे आणा. पुढे गेलेल्या सर्व्हरला मागे ओढू नका. मागे ओढण्याची ती सोय दोनदा देऊन दोनदा काढून घेतलेली आहे.