पुढच्या भागाची वाट पाहणारी माणसं

आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरी उलटल्यावर टीव्हीवरच्या विज्ञानमालिकांवर बोलायला उभा राहतो, म्हणजे काहीतरी बिघडलं असणार! पण आम्हाला मालिकांपेक्षा त्या पाहणाऱ्यांबद्दल बोलायचं आहे. पुढच्या भागाची वाट पाहणारी, तो आला की त्यावर तावातावानं भांडणारी जी माणसं असतात, त्यांचाही एक इतिहास आहे.

निमित्त घरातलंच. ३१ मे २०२५ रोजी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या त्या पर्वाचा शेवटचा भाग लागला. दुसऱ्या दिवशी नातीचा फोन आला. ती तिकडे शिकायला आहे. आवाज ऐकून आम्हाला वाटलं, परीक्षा बिघडली की काय. तर म्हणाली, "आजोबा, वाट लावली त्यांनी सगळ्याची!" अर्धा तास ती बोलत होती. शेवटी आम्ही विचारलं, "मग पुढचं पर्व बघणार नाहीस ना?" तर म्हणते, "असं कसं? बघणारच की!"

आपल्या गावाला हे नवीन नाही. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉलची मॅच हरली की चहाच्या गाड्यावर आपल्याच संघाला सगळ्यात जास्त शिव्या घालणारा जो असतो, तोच पुढच्या मॅचला सगळ्यात आधी जागा धरून बसलेला असतो. ज्याचं काही अडलेलं नाही, तो शिव्याही देत नाही.

आता नातीच्या रागाचं कारण पाहू. 'डॉक्टर हू' सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. सगळं जग त्या बातमीत बुडालेलं, म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. काळातून आणि अवकाशातून फिरणारा एक परग्रहावरचा प्रवासी, तो डॉक्टर. ही भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती पुढं साथ देईना. मालिका तर चालवायची होती. मग २९ ऑक्टोबर १९६६च्या भागाच्या शेवटी डॉक्टर जमिनीवर पडला आणि त्याच्या जागी दुसराच चेहरा दिसला, पॅट्रिक ट्राउटन यांचा. त्या वेळी या बदलाला नावसुद्धा नव्हतं. 'रीजनरेशन' हा शब्द मालिकेत १९७४ साली आला. तेव्हापासून नट बदलत गेले, डॉक्टर तोच राहिला. २०१७ साली ही भूमिका पहिल्यांदा एका स्त्रीकडे गेली, तेव्हाही प्रेक्षकांत उभी फूट पडली. आणि २०२५च्या त्या भागात डॉक्टरचा चेहरा बदलून जो आला, तो त्याच मालिकेत वीस वर्षांपूर्वी डॉक्टरची सोबतीण झालेल्या नटीचा. पाहणारे गोंधळले. काही खूश झाले, काही चिडले.

पण चेहरा, आवाज, स्वभाव सगळंच बदललं, तर "तोच" म्हणायचं कशाच्या जोरावर? हा प्रश्न टीव्हीनं काढलेला नाही. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात तो दोन हजार वर्षांमागं येऊन गेला आहे. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नागसेन म्हणतो, तीच नाही, पण वेगळीही नाही. एकातून दुसरी होत गेली. वर्गात हा दाखला देताना आम्ही ज्योतीबद्दलच बोलत आलो. रात्रभर जागून ती पाहणारा कोण, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. ज्यानं पहिल्या प्रहरापासून पाहिलंय, त्यालाच "ही तीच नव्हे" असं म्हणावंसं वाटतं. मध्येच उठून आलेल्याला काय, ज्योत ती ज्योत.

आता आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला ही खटपट का करावी लागली? कथेचं मोल कथेवर ठरावं, नावावर नको, म्हणून.

ही सोय मोठ्या मालिकेला नाही. तिचा नवा भाग कधी जगताप होऊन येऊ शकत नाही. तो येतो तेव्हा मागचे सगळे भाग त्याच्या पाठीवर असतात, आणि पाहणाऱ्याचं बालपणही असतं. ज्या घरात बसून आपण जुना भाग पाहिला, ते घर, शेजारी असलेली माणसं, सगळं त्यात मिसळलेलं असतं. मग नवा भाग बेतास बात असला तर माणूस भडकतो, चांगला असला तरी "पहिल्यासारखं नाही" म्हणतो. ही तक्रार थोडी भागाबद्दल असते, थोडी गेलेल्या वयाबद्दल असते.

अशा तक्रारखोरांचा उपयोग काय, असं कुणी विचारील. अमेरिकेत १९६७च्या अखेरीस 'स्टार ट्रेक' बंद होणार अशी कुणकुण लागली. प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम काढली. काही महिन्यांत एनबीसी या वाहिनीकडे लाखावर पत्रं गेली. १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला भाग संपताच पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं, की मालिका चालू राहील, आता पत्रं पाठवू नका! पुढं तिला शुक्रवारी रात्री उशिराची वेळ दिली आणि १९६९ साली ती संपली, तो भाग वेगळा. पण पत्रांमुळं तिसरं पर्व झालं, हे खरं.

दुसरा दाखला यापेक्षा मोठा आहे. साठ-सत्तरच्या दशकात बीबीसी आपल्या टेपा पुसून पुन्हा वापरायची. टेप महाग, आणि जुना कार्यक्रम परत कोण बघणार, असा हिशोब. त्यात 'डॉक्टर हू'चे शंभराच्या आसपास भाग गेले. आजही नव्वदहून अधिक भागांची चित्रं सापडत नाहीत. ज्या भागात पहिल्यांदा चेहरा बदलला, तोही पुसला गेला. बदलाचा तेवढा तुकडा दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरला होता म्हणून उरला. पण आवाज? हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज आहे. तो ठेवला कुणी? घरात टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसणाऱ्या पोरांनी. परदेशात विकलेल्या प्रती मागाहून शोधल्या गेल्या. २०१३ साली नायजेरियातल्या जोस या शहरात नऊ भाग मिळाल्याचं जाहीर झालं.

हे वाचताना आम्हाला तुकोबांची आठवण झाली. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, असं परंपरा सांगते. ती लोकांच्या मुखात तरली, असंही जाणकार सांगतात. मालिकेची तुकोबांशी बरोबरी करायची नाही. पण ज्यांच्या ताब्यात वस्तू असते त्यांना तिची किंमत नसते, आणि ज्यांच्या ताब्यात नसते ते ती जपतात, हे दोन्हीकडं सारखं आहे.

आता शेवटचं सांगायचं, ते जरा अवघड आहे.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. गल्लीत टीव्ही एखाद-दुसऱ्या घरात. कौलावर चढून अँटेना फिरवणारा एक, खालून "आलं, आलं, गेलं!" ओरडणारे दहा. त्या वेळचा आमचा एक विद्यार्थी, बाहेरच्या खेड्यातून सायकलीनं येणारा, या मालिकेची वही लिहायचा. भागात काय झालं, ते एका पानावर. समोरच्या पानावर, पाहणारे काय म्हणाले. इंग्रजी कुणाला फारसं कळत नव्हतं, म्हणून कुणी काय अर्थ लावला, म्हातारी कशाला हसली, कोण मध्येच उठून गेलं. मोठ्या हौसेनं त्यानं ती आम्हाला दाखवली. आम्ही दोन पानं चाळली आणि म्हणालो, "हे पोरखेळ सोड. परीक्षेचं बघ."

हे व्याख्यान तयार करताना वाटलं, इंग्लंड-अमेरिकेच्या प्रेक्षकांचं सगळं लिहिलेलं आहे, आपल्याकडच्यांचं काय? शोधलं, तर हाताला काही लागेना. तेव्हा ती वही आठवली. त्याला फोन लावला. आता तोही साठीला टेकलाय. वहीचं विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ती मी त्याच वर्षी रद्दीत घातली. तुम्हीच म्हणाला होता."

त्यानं टोमणा मारला नाही, साधं उत्तर दिलं. बीबीसीनं टेपा पुसल्या म्हणून आम्ही मघाशी बोट दाखवलं. आमच्या हातूनही तेच झालं.

त्याला आम्ही विनंती केली आहे, आठवेल तेवढं पुन्हा लिही. म्हणाला, बघतो. त्या रविवारी त्या घरांत बसलेले आणखी कुणी इथं असतील, किंवा हे नंतर वाचत असतील, तर त्यांनाही तेच सांगणं आहे. कुणाच्या घरी पाहिलंत, किती जण होता, काय कळलं, काय कळलं नाही, ते लिहून ठेवा. आणि घरात कुणी पोर एखाद्या भागावरून रडत-भांडत असेल, तर त्याला विचारा, नेमकं काय बिघडलं. आम्ही नातीला आता दर भागानंतर विचारतो. ती सांगते, आम्ही लिहून घेतो.