चाहत्यांचे दप्तर

आर्थर कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन हा अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी झालेला लष्करी डॉक्टर. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये त्याला गोळी लागलेली असते खांद्याला. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये तीच जखम पायात गेलेली दिसते. पुढे एका कथेत तर या जॉन वॉटसनची बायको त्याला 'जेम्स' म्हणते. डॉइल भराभर लिहीत असे आणि मागचे तपासून पाहत नसे, हे याचे साधे उत्तर. पण वाचकांना साधे उत्तर नको होते.

१९११ साली रोनाल्ड नॉक्स या तरुण पंडिताने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. बायबलमधील ग्रंथांचे कर्तृत्व आणि कालक्रम ठरवण्यासाठी जर्मन विद्वान जी काटेकोर पद्धत वापरीत, ती त्याने होम्सच्या कथांना लावली. हेतू त्या विद्वानांची थट्टा करण्याचा होता, पण थट्टेतून एक खेळ जन्माला आला. होम्स आणि वॉटसन ही खरी माणसे मानायची आणि कथांतली प्रत्येक विसंगती ही लेखकाची चूक नसून उलगडायचे कोडे आहे असे धरायचे, हे त्याचे नियम. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने 'जेम्स'चे कोडे असे सोडवले: वॉटसनच्या नावातले मधले अक्षर 'एच' हे 'हॅमिश'चे असावे, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटिश वळणाचा जेम्स!

१९३४ साली ख्रिस्तोफर मॉर्ले याने न्यू यॉर्कमध्ये 'बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स' हे होम्सप्रेमींचे मंडळ स्थापन केले. १९४६ पासून त्याचे नियतकालिकही निघू लागले. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्या मराठी वाचकाला या मंडळींची हौस सहज कळेल. डॉइलच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा यांना ही मंडळी 'कॅनन' म्हणत. हा शब्द धर्मशास्त्रातला, प्रमाण मानलेल्या ग्रंथांसाठीचा. आज इंटरनेटवर एखाद्या मालिकेविषयी वाद घालणारी मुलेमुली 'हे कॅनन आहे की नाही?' असे सर्रास विचारतात. हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला त्यामागे या होम्सप्रेमींची परंपरा आहे.

या मंडळाने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते मात्र १९९१ साली. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा बराचसा इतिहास स्त्रियांनी घडवला आहे.

अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १९६७ साली, डेव्हरा लँग्सम आणि शेर्ना कमरफर्ड या दोघींनी 'स्पॉकनेलिया' हा अंक काढला. मालिकेतल्या स्पॉक या पात्राभोवती गुंफलेला हा अंक सायक्लोस्टाइल केलेला होता. मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागताच बिजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. एनबीसी वाहिनीने स्वतः दिलेला पत्रांचा आकडा लाखाच्या वर होता. १९६८ च्या मार्चमध्ये वाहिनीने मालिका चालू राहील अशी घोषणा केली. मालिका आणखी एक वर्ष चालली आणि ७९ भागांवर थांबली. गोष्ट मात्र थांबली नाही. ती हाताने चिकटवलेल्या, टपालाने फिरणाऱ्या अंकांत पुढे चालू राहिली. त्यांत जहाजावरच्या गौण स्त्रीपात्रांना आयुष्य मिळाले, पडद्यावर न बोललेल्या गोष्टी बोलल्या गेल्या.

या अंकांमध्ये कौतुक होते तशी चिकित्साही होती. १९७३ साली पॉला स्मिथने 'मिनॅजरी' या अंकात एक छोटे विडंबन लिहिले. त्याची नायिका मेरी सू, वय साडेपंधरा, जहाजावरची सर्वांत तरुण अधिकारी, सर्वगुणसंपन्न. नवख्या लेखिका स्वतःलाच नायिका करून गोष्टीत घुसवतात, त्यावर हा चिमटा होता. 'मेरी सू' हे पुढे सामान्यनामच झाले. काही वर्षांनी चाहत्यांतल्याच लेखिका विचारू लागल्या, की सर्वगुणसंपन्न पुरुष नायकाला नायक म्हणायचे आणि तशीच मुलगी आली की हसायचे, हा कुठला न्याय? समीक्षेच्या वर्गात शोभावा असा हा वाद सायक्लोस्टाइलच्या पानांवर रंगला होता.

आपल्याकडे हे सारे अपरिचित वाटू नये. जात्यावर बसलेल्या बायांनी सीतेचा वनवास आपल्या सासुरवासाच्या मापाने पुन्हा सांगितला. दळण सरले की ओवी हवेत विरायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. फरक एवढाच की रामकथेचा कोणी कायदेशीर मालक नव्हता आणि स्पॉकचा होता. १९८१ साली 'स्टार वॉर्स'ची निर्मिती करणाऱ्या लुकासफिल्मने चाहत्यांच्या अंकांच्या संपादकांना इशारेवजा पत्रे धाडली: आमच्या पात्रांवर प्रौढ स्वरूपाचे लेखन छापू नका. कोणाचे लेखन टिकेल, हा प्रश्न आता आवडीनिवडीपुरता राहिला नव्हता.

नव्वदच्या दशकात ही मंडळी इंटरनेटवर आली. टपालाने महिन्यांनी मिळणारे उत्तर आता तासाभरात येऊ लागले. १९९३ साली सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' मालिकेतल्या मल्डर आणि स्कली यांनी प्रेमात पडावे की पडू नये, यावरून प्रेक्षकांत तट पडले. प्रेमाच्या बाजूच्यांना 'शिपर' म्हणू लागले. हा शब्द आज जगभर रुळला आहे. १९९८ साली 'फॅनफिक्शन डॉट नेट' हे चाहत्यांच्या कथांचे मोठे संकेतस्थळ सुरू झाले. पानांचा, टपालाचा खर्च सरला, पण पाने ठेवायची जागा दुसऱ्याच्या मालकीची झाली.

तिची किंमत लवकरच कळली. २००२ साली त्या संकेतस्थळाने फक्त प्रौढांसाठी असलेल्या कथांना मनाई केली आणि असे लेखन काढून टाकले गेले. २००७ च्या मे महिन्यात 'लाइव्हजर्नल'ने बाहेरच्या एका गटाच्या तक्रारीवरून सुमारे ५०० खाती बंद केली. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे. त्या झाडाझडतीत नाबोकोवच्या 'लोलिता'वर चर्चा करणारा एक स्पॅनिश भाषिक गटही सापडला. कंपनीने माफी मागून बरीच खाती परत सुरू केली, पण विश्वास उडाला तो उडालाच. त्याच सुमारास 'फॅनलिब' ही कंपनी चाहत्यांच्या कथांवर व्यवसाय उभारू पाहत होती. उत्पन्न कंपनीचे आणि कायद्याची जोखीम लिहिणाऱ्यांची, असा तिच्या अटींचा मथितार्थ होता.

याच संतापातून नेओमी नोविक या कादंबरीकर्तीने मे २००७ मध्ये एक आवाहन लिहिले: आपले स्वतःचे दप्तरखाने हवे. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली मागितली होती, त्याच नावाच्या धर्तीवर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे नाव पडले. संस्था ना-नफा, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून, संगणकही स्वतःच्या मालकीचे. आज्ञावली लिहिणाऱ्या स्वयंसेवकांत अनेकजणी हे काम करता करताच शिकल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. इथे लेखक आपल्या कथेला हवी ती खूणचिठ्ठी लावतो आणि एकाच अर्थाच्या शेकडो चिठ्ठ्या एकमेकींना जोडण्याचे काम स्वयंसेवक करतात. ग्रंथपाल ज्याला वर्गीकरण म्हणतात, तेच हे. बंद पडणाऱ्या जुन्या संकेतस्थळांवरचे लेखन उचलून आणण्याचीही सोय आहे. २०१९ साली या संग्रहाला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज तिथे एक कोटीहून अधिक कृती आहेत.

दप्तर स्वतःचे झाले म्हणून भांडणे मिटली नाहीत. 'कायद्यात बसते ते सारे ठेवायचे' या धोरणामुळे वंशद्वेषी लेखनही राहते, असा आक्षेप चाहत्यांनीच घेतला आहे. उलट टोकाचे उदाहरण चीनमधले. शियाओ झान या लोकप्रिय अभिनेत्यावर बेतलेली एक कल्पित कथा त्याच्या काही चाहत्यांना अपमानकारक वाटली. त्यांनी तक्रारींची मोहीम उघडली, आणि फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस चीनमध्ये हा सारा संग्रहच दिसेनासा झाला. चिडलेल्या दुसऱ्या चाहत्यांनी मग तो अभिनेता ज्यांच्या जाहिराती करी, त्या मालावर बहिष्कार घातला. आपल्या आवडत्या माणसाला जपण्याच्या भरात चाहत्यांनी चाहत्यांचेच दप्तर बंद पाडले.

नॉक्सचा निबंध आणि साडेपंधरा वर्षांची मेरी सू यांत जातीचा फरक नाही. दोन्ही वाचकांनीच वाचकांची केलेली थट्टा आहे, आणि दोन्हींतून पुढची चर्चा सुरू झाली. तरी एकाला अभ्यास म्हटले गेले, तर दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला बराच काळ पोरखेळ. पहिले ग्रंथालयात गेले, दुसरे कोणाच्या तरी कपाटात किंवा एखाद्या कंपनीच्या संगणकात पडून राहिले. २००९ पासून आयोवा विद्यापीठाचे ग्रंथालय आणि 'आर्काइव्ह'मागची संस्था मिळून ते जुने सायक्लोस्टाइलचे अंक जतन करीत आहेत. एखाद्या काळाने आपल्या गोष्टी कशा ऐकल्या हे उद्याच्या अभ्यासकाला जाणून घ्यायचे असेल, तर मूळ गोष्टीइतकीच ही पुरवणीची पानेही त्याला चाळावी लागतील. ती त्याच्या हाती पडतील ती कुणीतरी वेळीच उचलून ठेवली म्हणून.