वारा, वास आणि पारधी

आपल्याकडे शिकारीचा इतिहास म्हणजे राजांचा इतिहास. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मृगयेची गणना विनोदांत झाली, म्हणजे शिकार ही करमणूक ठरली. पोटासाठी शिकार करणाऱ्याचे ज्ञान मात्र कोणी शास्त्र मानले नाही. त्या शास्त्राचा पहिला धडा स्वतःच्या अंगाच्या वासाचा होता.

राजाला या वासाची फिकीर करण्याचे फारसे कारण नव्हते. हाकारे रान उठवीत आणि जनावर त्याच्या पुढ्यात आणून सोडीत. संस्थानिक चित्त्याकडून काळवीट धरवीत. तो चित्ता सांभाळणाऱ्यांची ओळख अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'चिता पारधी' या नावापुरती उरली. फासेपारध्यापाशी ना हाकारे होते, ना चित्ता. त्याच्यापाशी फास होता आणि समोर माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण नाकाचे हरीण होते. माणूस दिसण्याआधी त्याचा वास पोचला की त्या दिवशी चूल पेटण्याची आशा संपली.

घामाला मुळात फारसा वास नसतो. कातडीवरचे सूक्ष्म जीव घामावर जगतात आणि त्यातून वास तयार होतो. धुतल्याने तो कमी होतो, पण घाम सुटला की परत येतो. सुगंधी साबण तर रानाला परका असा आणखी एक वास अंगावर चढवतो. म्हणून वास नाहीसा करण्यापेक्षा तो जनावरापर्यंत पोचू न देणे हीच खरी विद्या. वारा जनावराकडून आपल्याकडे यावा अशी वाट धरायची. घाम फुटू नये म्हणून सावकाश चालायचे. धूर, माती, पाला यांच्या वासात आपला वास बुडवायचा; पण हा उपाय दुय्यम, कारण वारा फिरला की धुराचा उपयोग थोडा. डोंगरउतारावर दिवसा तापलेली हवा वर चढते, सांजेला गार होऊन खाली उतरते. सकाळची बरोबर वाट संध्याकाळी चुकीची ठरते.

पारधी शिकवलेल्या गुराच्या आडोशाने कळपाजवळ सरकत. गुराला हरीण बुजत नाही आणि त्याचा वासही हरणाच्या ओळखीचा असतो. फास मांडून माणूस दूर होई, यातही तेच शहाणपण होते.

हे शहाणपणच पुढे गुन्हा ठरले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू करता आला. आवाज न करता चालणे, दबा धरणे, रात्री रानातून वाट काढणे ही शिकाऱ्याची कसबे पोलिसांच्या लेखी चोराची लक्षणे झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरी बंद केली, फासेपारध्यांना कामे दिली. पण देशभर तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गुन्हा झाली. काळवीट आणि तणमोर वाचलेच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की ज्यांची विद्या कायद्याने बाद केली, त्यांच्या हाताला दुसरे काय दिले?

दिला तो शिक्का. हरणापासून वास लपवण्यात हयात घालवणाऱ्या माणसाला गावाने 'घाणेरडा' म्हटले. जातीची ही नाके मला ठाऊक आहेत. माझ्या वडिलांच्या हातांना कातड्याचा वास होता आणि शाळेत मी रोज धुतलेला सदरा घालून गेलो तरी एका गुरुजींना माझ्या अंगाला तो येई. हरणाचे नाक खोटे बोलत नाही. माणसाचे नाक शिकवल्याप्रमाणे बोलते. ज्या गावाने पाणवठा बंद केला, त्यानेच अंघोळीचा उपदेश करावा, हा आपल्या समाजाचा जुना कावा आहे.

अलीकडच्या काळात अकोला-वाशीम भागातले काही फासेपारधी तणमोराच्या संरक्षणात उतरले आहेत. पाखरू कुठे बसेल हे ज्याला कळते, त्यालाच ते राखताही येते. आमच्या महाविद्यालयांतून इतिहास शिकणाऱ्या मुलांनी दरबारांच्या बखरी जरूर वाचाव्यात. पण पारध्यांच्या तांड्यावरची म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसावे, वाऱ्याची भाषा उतरवून घ्यावी आणि ती सांगणाऱ्यांची नावे त्यांच्या परवानगीने वहीत लिहावीत. हाकारे घालणाऱ्यांची नावे आजवर कोणी लिहिली नाहीत.