इंजिनियरीचा उंबरठा

मुलानें किंवा मुलीनें इंजिनियर व्हावें अशी ज्या घरांत इच्छा असते, तेथें पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, शाळेंत कोणते विषय घ्यावे? प्रश्न जुना आहे. त्याचीं उत्तरें मात्र गेल्या दोनशें वर्षांत बदलत आलीं. आणि प्रत्येक उत्तरानें कोणासाठीं दार उघडलें व कोणासाठीं तें लागलें, हें पाहण्यासारखें आहे.

१८२३ च्या सुमारास मुंबईंत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं इंजिनियरिंगची एक शाळा निघाली. सरकारी मोजणीच्या व बांधकामाच्या कामीं माणसें तयार करावयाचीं होतीं. शिकविणें मराठींत व गुजराथींत होई! इंग्रजी गणितग्रंथांवरून जर्व्हिस यांनीं मराठी पुस्तकेंही सिद्ध केलीं. विद्यार्थ्यास इंग्रजी येत नसली तरी हिशेब व भूमिति उमगण्याची बुद्धि असली म्हणजे त्याचें अडत नसे. ही शाळा फार वर्षें टिकली नाहीं.

पुढें १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली. पूल, रस्ते, कालवे यांचीं कामें वाढलीं आणि १८५४ मध्यें पुण्यांत इंजिनियरिंगचा वर्ग उघडला. हेतु मर्यादित होता. बांधकाम खात्याला हाताखालचे लोक हवे होते, इतकेंच. पण १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ मध्यें पहिली मॅट्रिक झाली (रानडे व भांडारकर तींतलेच), आणि कांहीं वर्षांनीं पुण्याचा वर्ग विद्यापीठाशीं जोडला जाऊन त्याचें कॉलेज झालें. येथें उंबरठा एकदम उंचावला. इंग्रजीवांचून मॅट्रिक नाहीं आणि मॅट्रिकवांचून विद्यापीठ नाहीं. गवंड्याच्या ज्या मुलाच्या हातीं लहानपणापासून ओळंबा असे, त्याला गणितापेक्षां ही भाषाच आड आली असावी, असें मला वाटतें.

विश्वेश्वरय्या तर पदवी घेऊनच पुण्यास आले. घरची गरिबी; शिकवण्या करून ते शिकले, १८८१ मध्यें बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांतून बी. ए. झाले, आणि १८८३ मध्यें पुण्याहून एल. सी. ई. परीक्षेंत पहिले आले. खडकवासल्याला त्यांनीं पुढें पाण्याच्या दाबानें आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्या कामाच्या मुळाशीं गणितच होतें.

नंतर दीर्घकाळ इंटर सायन्स ही अट राहिली. १९७५ मध्यें महाराष्ट्रांत शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली, आणि इंटरची जागा बारावीनें घेतली. गणित व पदार्थविज्ञान हे विषय कायम राहिले, वर प्रवेशपरीक्षा आली. ज्यांना हा मार्ग झेपत नाहीं त्यांना दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातां येतें. घरांतील वडील मंडळी या मार्गास उगीच कमी लेखतात. हातांनीं काम करून मग सिद्धान्ताकडे वळणारा विद्यार्थी कित्येकदां अधिक पक्का निघतो.

२०२१ मध्यें दोन गोष्टी घडल्या. बारावीच्या गणिताची व पदार्थविज्ञानाची सक्ती सैल करण्याची कल्पना तंत्रशिक्षण परिषदेनें पुढें मांडली आणि तीवर वाद माजला. त्याच वर्षीं परिषदेनें मराठीसह अनेक देशी भाषांतून इंजिनियरिंग शिकविण्यास परवानगी दिली. पहिली सवलत मला धोक्याची वाटते; गणित शाळेंत राहून गेलें तर तें कॉलेजांत भरून काढणें फार जड जातें. दुसरीचें मात्र मी मनापासून स्वागत करतों. पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजांत त्याच साली कॉम्प्युटर इंजिनियरिंगचा मराठी वर्ग सुरू झाला.