अक्षरं-आकड्यांचं वेड असलेल्या लेकराला भेट काय द्यावी? हैदराबादेतल्या मराठी घरांसाठी माहिती

दीड-दोन वर्षांचं लेकरू दुकानाच्या पाटीवर बोट दाखवून 'ए', 'बी' म्हणायला लागलं, लिफ्टमधले आकडे ओळखायला लागलं, की घरात कौतुक सुरू होतं. मग पुढच्या वाढदिवसाला एकाच जातीच्या भेटी येतात. नांदेडचा मामा चुंबकाची अक्षरं आणतो, सोलापूरची आत्या बटण दाबलं की गाणं म्हणणारं पुस्तक आणते आणि शेजारचे एबीसीडीचा आणखी एक तक्ता देतात. तिन्ही भेटी मुलाला जे येतं तेच पुन्हा देतात. अक्षराचं नाव त्याला कळलेलं असतं. त्या अक्षराने सुरू होणारी वस्तू, त्या आकड्याएवढी मोजलेली बटाटी, हा पुढचा टप्पा असतो. भेट निवडताना नजर तिथे हवी.

हैदराबादेत यात आणखी एक अडचण आहे. रस्त्यावर निघालं की इंग्रजी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी दिसतात. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची आहे, म्हणजे ती लिपी मुलाला आज ना उद्या येणारच. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात शहरात मराठी शिक्षणाचीही सोय उभी राहिली. जांबागेतली विवेक वर्धिनी १९०७ सालची. आता बहुतेक मराठी मुलांसाठी मराठी अक्षर दिसण्याची जागा एकच, घर. अक्षरवेडं मूल जी लिपी समोर दिसेल ती उचलतं. घरात मराठी अक्षर दिसलंच नाही तर 'मराठी बोलतो, पण वाचता येत नाही' म्हणणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते. म्हणून इथे भेट देणाऱ्याने लिपीचा विचार आधी करावा, रंग आणि पॅकिंगचा नंतर.

हिंदीचा संच मराठीला चालतो का?

कोठी, बेगम बाजार किंवा ऑनलाइन, 'देवनागरी अक्षरं' मागितली की हातात पडतो तो बहुतेक वेळा हिंदी वर्णमालेचा संच. लिपी एकच म्हणून लोक घेऊन टाकतात. फरक मात्र तीन-चार ठिकाणी आडवा येतो. हिंदी संचात सहसा 'ळ' नसतो. बाळ, फळ, केळं, डोळा, खेळ, सकाळ... दोन वर्षांच्या मुलाचे निम्मे शब्द तिथेच अडतात. गंमत म्हणजे तेलुगूत 'ळ' आहे आणि तेलुगू तक्त्यावर तो मिळतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. 'ज्ञ'चा उच्चार हिंदीत 'ग्य', आपल्याकडे 'द्न्य'. आणि चित्रं तर पूर्णच वेगळी: हिंदी तक्त्यात अनार आणि खरगोश असतात, घरी मात्र मूल डाळिंब आणि ससा म्हणतं. 'ख' शेजारी ससा बघून ते गोंधळलं तर चूक त्याची नाही.

हिंदी संच घरात आधीच असेल तर फेकायची गरज नाही. 'ळ' आणि 'अ‍ॅ', 'ऑ' ही अक्षरं जाड पुठ्ठ्याची करून त्यात घालावीत आणि चित्रांवर घरचे शब्द चिकटवावेत. नवीन घ्यायचं असेल तर लेझर कटिंग करणाऱ्याकडून प्लायवूडची अक्षरं कापून घेता येतात. तिथे फाँट बघून द्यावा. कॉम्प्युटरवरचे बरेच देवनागरी फाँट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचेच दाखवतात. कडा घासून गुळगुळीत केल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नयेत.

संपूर्ण बावन्न अक्षरांची घाईही नको. मुलाचं स्वतःचं नाव, आई, बाबा, आजी, मामा एवढ्यांना पुरतील अशी दहा-बारा अक्षरं पुष्कळ झाली. नावाची अक्षरं एकाहून जास्त नग घ्यावीत, कारण 'मामा' लिहायला 'म' दोन लागतात आणि विकतच्या संचात तो एकच असतो. इंग्रजी संच घ्यायचाच असेल तर लहान लिपीचा घ्यावा. बाजारात कॅपिटल अक्षरांचे संच जास्त, पण पुस्तकातल्या ओळी जवळपास सगळ्या लहान लिपीत छापलेल्या असतात.

मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या, त्याच्या आधीपासून त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं होती. मूल त्यावरून बोट फिरवतं आणि अक्षराचं वळण हाताला कळतं. पुठ्ठ्यावर पॉलिशपेपर कापून चिकटवला की हे घरी तयार होतं. आपल्याकडे धुळाक्षरं हेच करत होती. ताटात रवा पसरून बोटाने गिरवणं हा त्याचाच शहरी अवतार म्हणायला हरकत नाही. गोदाकाठच्या बासरला, ज्ञान सरस्वतीच्या देवळात, तेलंगणातली आणि नांदेडकडचीही मुलं अक्षराभ्यासाला नेतात, तिथेही आईवडील लेकराचा हात धरून पहिलं अक्षर काढून घेतात. पद्धती दूरदूरच्या, पण सगळीकडे मोठ्या माणसाचा हात आणि मुलाचं बोट एकत्र आहे.

एकवीस की वीस-एक?

दोन वर्षांचं मूल वीसपर्यंत धडाधड म्हणतं, पण 'मला तीन बटाटे दे' म्हटलं की ओंजळभर उचलून देतं. यात काळजीचं काही नाही. आकडे ओळीने म्हणणं आणि 'तीन म्हणजे एवढे' हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधारण साडेतीन-चार वर्षांपर्यंत हळूहळू पक्की होते. त्यामुळे शंभरपर्यंतचा तक्ता या वयात शोभेचाच. एकसारख्या दहा मोठ्या वस्तू, जाड मण्यांची पाटी, एकावर एक ठेवायचे लाकडी ठोकळे, मोठे ठिपके असलेला फासा यांतून जास्त मिळतं.

जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याने मुलांसाठी केलेल्या साधनांना तो 'भेटी'च म्हणायचा. पहिली भेट लोकरीचे रंगीत चेंडू, नंतर लाकडी गोल, ठोकळा, नळकांडं. अक्षर किंवा आकडा त्यावर छापलेला नव्हता. ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरात) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या शंख, शिंपले, बिया, पानं अशा परिसरातल्या वस्तूंवर. महागडी साधनं परवडणार नव्हती हे एक कारण, आणि मुलांच्या ओळखीच्या वस्तू चांगल्या शिकवतात हे दुसरं.

आता हैदराबादचा फायदा. मराठीत एकवीस, बावीस, तेवीस म्हणताना एकक आधी येतं आणि दशक मागून. लिहिताना मात्र उलट. तेलुगूत 'इरवै ओकटि', म्हणजे सरळ वीस-एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. हैदराबादचं मराठी मूल दोन्ही पद्धती खालच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर रोज ऐकतं, तेही कुणी वाद न घालता. आजीने 'बावीस' म्हणावं, शेजारच्या आंटींनी 'इरवै रेंडु' म्हणावं, मुलाला वीस आणि दोन सुटे दिसायला लागतात. मराठी आकडे असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आणि तेलुगू अंकांचं एखादं पुस्तक अशी जोडभेट म्हणून चांगली.

अडीच-तीन वर्षांनंतर एक ते दहा घरांची सरळ पट्टी आणि एक सोंगटी एवढा खेळही पुरतो. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना असा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं खेळायला दिला. २००८ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार मुलांची आकड्यांची समज वाढली. तसाच पण आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत ती वाढ दिसली नाही. सापशिडीचे शंभर घर त्यासाठी नकोत, ते पाचव्या वर्षी.

फुकटातल्या भेटी तर शहरभर आहेत. मेट्रोच्या आणि मेहदीपट्टणमवरून जाणाऱ्या पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवेच्या खांबांवर क्रमांक आहेत. मोठी माणसं त्यावर पत्ते सांगतात, अक्षरवेड्या मुलाची ती जत्रा असते.

बोलणारी खेळणी

बटण दाबलं की 'ए फॉर ॲपल' म्हणणारं खेळणं दिसायला हुशार असतं. अडचण अशी की ते बोलायला लागलं की आई गप्प बसते. ॲना सोसा यांच्या २०१६ च्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांची २६ मुलं आणि त्यांचे पालक होते. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक कमी शब्द बोलले, मुलांशी देवाणघेवाणही कमी झाली; पुस्तकांच्या वेळी ती सर्वांत चांगली होती. अभ्यास लहान आहे, पण घराघरांतला अनुभव वेगळा नाही. शिवाय ही खेळणी मराठी बोलत नाहीत.

टॅबलेटचं तर सरळच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. त्यातून 'शिकवणारं ॲप' सुटत नाही.

घेण्याआधी तपासा

फ्रिजवरची चुंबकी अक्षरं ही सर्वांत लोकप्रिय भेट आणि तीन वर्षांखालच्या मुलाला सर्वांत धोक्याची. मागचं छोटं चुंबक निघून दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. बटण सेलही तसाच: घशात अडकला तर दोनेक तासांत अन्ननलिका भाजते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरात आणू नये. सेल किंवा चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठावा. फोमची अक्षरं मुलं चावून तुकडे पाडतात.

आकाराचा नियम सोपा आहे. जी वस्तू सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावते ती तीन वर्षांखाली नको. दहा रुपयाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येतो. पाण्याच्या बाटलीची झाकणं, चिंचोके, शेंगदाणे मोजायला देऊ नयेत. वाट्या, लिंबं, बटाटे द्यावेत.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांची आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी त्यातून वगळली आहेत. म्हणजे निर्मल किंवा एटिकोप्पाकाच्या खेळण्यावर मार्क नसेल तर ते बेकायदा ठरत नाही, पण रंगाची चौकशी आपली आपण करायची. निर्मलची पोनिकी लाकडाची रंगवलेली फळं-जनावरं देखणी असतात, ती शोकेसची. तोंडात घालणाऱ्या मुलासाठी लाखेचा नैसर्गिक रंग दिलेली एटिकोप्पाका किंवा चन्नपट्टणची बरी. माधापूरच्या शिल्पारामममध्ये आणि सरकारी हस्तकला दालनांत अशी खेळणी बघायला मिळतात.

पुस्तकं कुठून?

अक्षरवेड्या मुलाला शेवटी सर्वांत जास्त पुरतं ते पुस्तक, आणि जाड पानांचं. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं गावाकडून येणाऱ्याला आणायला सांगावीत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं जरा मोठ्या वयाची, पण घेऊन ठेवायला चांगली. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि तेलुगू दोन्हींत गोष्टी फुकट आहेत, एकच गोष्ट दोन लिप्यांत छापून शेजारी लावता येते. 'अम्म' आणि 'आई' एकाच चित्राखाली आले की मुलाला कळतं, एकच माणूस दोन तऱ्हांनी लिहिता येतं. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. तिथे इंग्रजी चित्रपुस्तकं स्वस्तात हाताला लागतात, फाटण्याची भीती न बाळगता मुलाला देता येतात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. काही मुलांना अक्षरांचं वेड फार लवकर आणि फार जोरात लागतं, वाचताही येतं, पण बोलण्यातली समज मागे राहते. याला हायपरलेक्सिया म्हणतात. सिल्बरबर्ग दांपत्याने १९६७ मध्ये हा शब्द वापरला. अक्षरं आवडणं हे एकटं काही त्याचं लक्षण नव्हे. पण दोन वर्षं झाली तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, माणसांपेक्षा आकड्यांतच रमत असेल, तर नवीन संच घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. सिकंदराबादच्या मनोविकास नगरात १९८४ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, आता तिला एनआयईपीआयडी म्हणतात. लहान मुलांसाठी लवकर मदत देणारा विभाग तिथे आहे. नांदेड, लातूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या लवकर निदान केंद्राची चौकशी करावी.