काकांची मस्कट

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने एक जुना फोटो टाकला. काका खाकीत, ताठ उभे, शेजारी बंदूक. खाली त्याने लिहिलं, "आमचे थ्री नॉट थ्रीवाले काका!" अंगठे आले, बदाम आले, आत्याचा एक रडका चेहराही आला. दोन दिवसांनी मी वाशीमला गेलो, तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच तक्रार नोंदवली.

"त्याले सांग, थे थ्री नॉट थ्री नाही. मस्कट हाय. मले कधी थ्री नॉट थ्री भेटलीच नाही ड्यूटीले. फक्त चांदमारीले भेटे."

काका १९६४ साली अकोल्याला पोलिसात भरती झाले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. (इंग्रजांच्या काळात वाशीम स्वतःच जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि १ जुलै १९९८ ला परत झाला. काका म्हणतात, मी रिटायर व्हायचीच वाट पाहत होते.) एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खांद्यावर वागवली ती .४१० मस्कट. मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला, की मी परत येईपर्यंत तोच डोक्यात घोळत राहिला.

"दोघी जुळ्या बहिणीसारख्या दिसत. तोच बोल्ट, तोच दस्ता. मंग तिच्यात दहा गोळ्या अन् हिच्यात एकच कायले? तिच्या नळीत पीळ, अन् हिची नळी पाइपासारखी कायले?"

त्यावर मी बरंच वाचलं. ते इथे लिहून ठेवतो.

थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ इंच व्यासाची, आपल्या मापात ७.७ मिलिमीटरची नळी. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. १८८८ साली ब्रिटिश फौजेने ही बंदूक घेतली, ती पुढे ली-मेटफर्ड या नावाने ओळखली गेली. ली या माणसाचा बोल्ट आणि मेटफर्डच्या उथळ, गोलसर खाचा. काळ्या दारूसाठी त्या उत्तम होत्या. पण लगेचच कॉर्डाइट आलं. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि चक्क व्हॅसलीन यांचं मिश्रण. त्याचा जाळ इतका कडक, की मेटफर्डच्या खाचा भराभर झिजू लागल्या. म्हणून एनफील्डच्या कारखान्याने पाच खोल, कोनेदार खाचांची नळी काढली आणि १८९५ साली बंदुकीचं नाव ली-एनफील्ड झालं. म्हणजे नावातला निम्मा भाग बदलला तो नळी झिजते म्हणून!

एनफील्डची नळीही झिजतेच, फक्त सावकाश. आधी काडतुसापुढचा घसा जळतो, मग खाचा बोथट होतात, गोळी नीट फिरत नाही आणि हवेत कोलांट्या खाते. हे ऐकल्यावर काकांचे डोळे चमकले. चांदमारीला काही रायफलींनी कागदावर गोल भोक न पडता आडवी चीर पडायची, ती का, हे त्यांना त्या दिवशी कळलं. "अन् उस्ताद आम्हाले शिव्या देत होता!"

अशी नळी बदलता येते. ती मागच्या लोखंडी बॉडीत आट्यांनी बसवलेली असते. नवी नळी अशी आवळावी लागते, की ती पूर्ण घट्ट होईल त्याच क्षणी टोकाची माशी बरोबर उभी राहील. किंचित कमी-जास्त झालं की माशी कलते आणि नेम बाजूला जातो. मग बोल्टाच्या तोंडाशी किती फट राहते ते मोजायचं. फट जास्त असेल तर काडतुसाची कवची मधूनच तुटते. ली-एनफील्डमध्ये बोल्टाचं तोंड सुटं असतं, त्यामुळे दुसरं लावून फट जुळवता येते. काम नाजूक आहे, पण कारखान्याला अवघड नाही. आपल्याकडे कलकत्त्याजवळ इशापूरला, जिथे पूर्वी तोफांची दारू बनायची, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफलींचा कारखाना निघाला. नव्या नळ्या तिथे बनतच होत्या.

आणि तरी झिजलेल्या नळीचं दुसरंही एक काहीतरी तिथे केलं जायचं. ती बदलायची नाही, आतून पोखरायची. खाचा पार काढून टाकून नळी .४१० इंचाची, गुळगुळीत करायची. दहा गोळ्यांच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवायचा, म्हणजे दर वेळी हाताने एकेक काडतूस घालावं लागेल. काडतूसही वेगळं. .३०३ च्या कवचीचीच सरळसोट, मान नसलेली आवृत्ती, जी थ्री नॉट थ्रीत बसणारच नाही. झाली मस्कट! ती पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायची.

यात काटकसर आहे, हे खरं. पण तेवढंच नाही. १८५७ ची चरबीची काडतुसं आपण शाळेत पाठ केली. त्यानंतर काय झालं ते मात्र कोणी शिकवलं नाही. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी इंग्रजांनी मुद्दाम वेगळी बंदूक काढली. बाहेरून हुबेहूब एनफील्ड, आतून गुळगुळीत. लांबवर नेम लागायला नको, म्हणून. गोऱ्या सोल्जरच्या हातात पीळ, आपल्या शिपायाच्या हातात पाइप. मस्कट मला त्याच घराण्यातली वाटते. शिवाय स्वातंत्र्य आलं म्हणून इशापूरचं हे पोखरकाम लगेच थांबलं नाही. साहेब गेला, अविश्वास तसाच सरकारी फायलीत राहिला.

हे मी जरा तावातावाने काकांना फोनवर ऐकवलं. त्यांना माझा ताव काही फारसा पटला नाही.

"हे पाय," ते म्हणाले, "गर्दीत थ्री नॉट थ्री झाडली तं गोळी एकाले लागून मागच्यालेही लागते. बाजार असते, लेकरं असतात. मस्कट बरी. एक झाडली की दुसरी भरेपर्यंत माणसाले इचार कराले टाइम भेटते." मग थोडं थांबून, "मी एकतीस वर्षांत माणसावर एकदाबी झाडली नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही. इतिहासाची पुस्तकं बंदूक कोणी दिली ते सांगतात, ती धरून चौकात उभं राहणाऱ्याला काय वाटलं ते क्वचितच.

आत्याला आठवतं ते वेगळंच. काका सांगायचे, की चांदमारीनंतर नळीत तेल घालण्याआधी उकळतं पाणी ओतायचं. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळून नळीत एक प्रकारचं मीठ उरायचं. ते ओल धरतं आणि रात्रीत गंज चढवतं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. मग दोरीला चिंधी बांधून नळी कोरडी करायची. आत्या तेव्हा लहान होती. तिला वाटायचं, दादा बंदुकीला चहा पाजतो.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला. मस्कटला कोणी असा निरोप दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

परवा पुन्हा वाशीमला गेलो, तेव्हा काकांना सगळं नीट, कागदावर चित्र काढून समजावलं. इथे झिजली, इथून पोखरली, इथे ठोकळा बसवला. त्यांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला.

"म्हणजे माही मस्कट पहिले थ्री नॉट थ्रीच होती?"

"हो काका. रिटायर झालेली."

"मंग त्या पोट्ट्याले सांगू नको काही," ते म्हणाले. "फोटोखाली जे लिवलं, थे राहू दे."